फीचरची किंमत कशात मोजायची? होमब्रू क्लासची पार्श्वभूमी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं खेळवण्याच्या खेळासाठी स्वतःचा क्लास (पात्राचा पेशा) किंवा सबक्लास (त्या पेशाची शाखा) रचायला घेतला, म्हणजे होमब्रू करायला घेतलं, की टेबलावरचं कोणीतरी हमखास विचारतं, ‘हे पुस्तकात आहे का?’ प्रश्न रास्त आहे. पण आज जे क्लास आपण अस्सल, मूळचे म्हणून धरून चालतो, त्यांतले बरेचसे कोणाच्या तरी घरच्या खेळातूनच पुस्तकात आले. पन्नास वर्षांत बदलत गेली ती एकच गोष्ट: नव्या फीचरची (क्लासला मिळणाऱ्या खास क्षमतेची) किंमत खेळाडूकडून कशाच्या रूपात वसूल करायची.

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून टीएसआर या छोट्या कंपनीने तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आणली. किंमत १० डॉलर, पहिली छपाई १,००० प्रतींची. लेखक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. यातला क्लेरिक हा सरळसरळ टेबलावरच्या अडचणीतून जन्मला. मिनेसोटात आर्नसन यांची ब्लॅकमूर ही मोहीम चालू होती. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं होतं, सर फँग नावाचं, आणि ते कोणाला आवरेना. त्याला तोड म्हणून जुन्या भयपटांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्याच्या धर्तीवर एक धर्मगुरू उभा केला गेला. ती भूमिका माइक कार खेळत.

त्या क्लेरिकचं मृतात्म्यांना पळवून लावण्याचं फीचर मी आजही पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीवर, सांगाडा पळवायला ७ किंवा जास्त हवेत, झाँबीसाठी ९, घूलसाठी ११. म्हणजे ३६ पैकी अनुक्रमे २१, १० आणि ३ वेळा यश. दुसऱ्या लेव्हलला तेच आकडे एक घर पुढे सरकतात: सांगाडा फासे न टाकताच पळतो, झाँबीला ७, घूलला ९, आणि ११ च्या घरात वाइट नावाचा नवा शत्रू येतो. बस, एवढंच. दिवसातून किती वेळा वापरलं याची नोंद ठेवायची नाही, कारण मर्यादा वेळेची नसून शत्रूची आहे. कधी वापरायचं ते स्पष्ट, वाढ तक्त्यातच बसवलेली. शिवाय त्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे, त्यामुळे या एका फीचरवर सगळा क्लास उभा होता आणि तो पेलला.

पुढचा क्लास मात्र मोठी शिकवण देऊन गेला. कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथे एरो हॉबीज हे दुकान होतं. तिथल्या गॅरी स्वित्झर आणि मंडळींनी आपल्या खेळासाठी चोराचा क्लास रचला होता. गायगॅक्स यांना ती कल्पना फोनवरून कळली. त्यांनी स्वतःची आवृत्ती लिहून १९७४ मध्येच एका हौशी वार्तापत्रात छापली, आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीतून थीफ अधिकृत झाला. त्याची कौशल्यं टक्क्यांत होती. पहिल्या लेव्हलच्या थीफला सावलीत लपायची शक्यता १० टक्के. आता विचार करा: थीफ येण्याआधी कोणीही म्हणायचं, ‘मी खांबाआड सावलीत उभा राहतो,’ आणि डीएम (खेळ चालवणारा) प्रसंग पाहून ठरवायचा. तक्ता आल्यावर ते थीफचं खास काम झालं. फायटरच्या हातून ते सुटलं, आणि ज्याला मिळालं त्यालाही दहातून एकदाच जमू लागलं. एका क्लासला दिलेलं फीचर बाकीच्या सगळ्यांकडून काहीतरी काढून घेतं. ‘या क्लासला पायांचे ठसे वाचता येतात’ असं वाक्य लिहिताना मला हे दरवेळी आठवतं, आणि मी ते ‘हा क्लास ठसे वाचून जनावर जखमी होतं का तेही सांगू शकतो’ असं करून घेतो. इतरांचं तेवढं तरी शाबूत राहतं.

यानंतरची दोन वर्षं हौशी लेखकांचीच म्हणायला हवीत. टीएसआरच्या स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू या छोट्या नियतकालिकात १९७५ च्या उन्हाळी अंकात जो फिशर यांचा रेंजर (रानात वावरणारा योद्धा) आला, त्याच वर्षीच्या हिवाळी अंकात पीटर अ‍ॅरनसन यांचा इल्युजनिस्ट (भास निर्माण करणारा जादूगार), आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये डग श्वेगमन यांचा बार्ड (गवई). फिशर यांच्या रेंजरला राक्षसकुळातल्या शत्रूंवर जादा मार मिळे, पण स्वतःजवळ वागवता येईल तेवढीच मालमत्ता ठेवायची मुभा होती, उरलेली दान. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांच्या खेळाडू-पुस्तकात हे तिन्ही क्लास होते, बार्ड परिशिष्टात. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ली गोल्ड यांचं हौशी नियतकालिक अलारम्स अँड एक्सकर्शन्स (१९७५ पासून) आणि डेव्ह हारग्रेव्ह यांचं नियमपुस्तक आर्डुइन (१९७७) यांतून घरगुती नियमांचा पूर आला होता. गायगॅक्स यांना आता सगळीकडे एकसारखा खेळ हवा होता. त्यांच्या कंपनीच्या ड्रॅगन मासिकात नवे क्लास येत राहिले, पण अनेकांवर ‘फक्त डीएमच्या पात्रांसाठी’ असा शिक्का असे. जुलै १९८० मधला अँटी-पॅलाडिन त्यातलाच. तो शिक्का किती टेबलांवर पाळला गेला असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

या पहिल्या काळात किंमत वसूल व्हायची ती तीन मार्गांनी. एक म्हणजे प्रवेशाची अट: पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा) व्हायला पात्राच्या करिश्म्याचा, म्हणजे प्रभावीपणाचा, आकडा १७ लागे. दुसरा मार्ग वर्तनाचा, म्हणजे रेंजरचं दान, पॅलाडिनचं व्रत. तिसरा आणि सर्वांत काटेकोर मार्ग अनुभवाच्या गुणांचा. १९७४ मध्ये दुसऱ्या लेव्हलला पोचायला क्लेरिकला १,५०० गुण लागत, फायटिंग-मॅनला २,०००, मॅजिक-यूजरला २,५००. ताकद जास्त तर चाल मंद. हाच धागा पकडून पॉल माँटगोमेरी क्रॅबॉ यांनी मे १९८६ च्या ड्रॅगनमध्ये क्लास रचायची पद्धत मांडली: प्रत्येक क्षमतेला भाव लावायचा, बेरीज करायची, त्यातून लेव्हलला लागणारे गुण काढायचे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या डीएम-पुस्तकातही तशीच ऐच्छिक पद्धत आली. या तक्त्यांचा दोष असा की ते सुट्या क्षमतांना भाव लावतात, जोडीला लावत नाहीत. नुसतं अदृश्य होणं वेगळं आणि पाठीमागून वार करणाऱ्याने अदृश्य होणं वेगळं.

२००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि हा सगळा हिशेबच मोडला. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्या रचनेत सर्व क्लासना लेव्हलसाठी सारखेच गुण लागू लागले. मग किंमत उरली ती लेव्हलचीच: एका क्लासमध्ये घातलेली लेव्हल दुसऱ्या क्लासला मिळत नाही. मल्टिक्लासिंग (एकाच पात्राने अनेक क्लासच्या लेव्हल घेणं) मोकळं झाल्याने नवा प्रश्न उभा राहिला. त्या आवृत्तीतल्या रेंजरला दोन शस्त्रांनी लढायची सगळी तयारी पहिल्याच लेव्हलला मिळत होती, त्यामुळे ज्याला रेंजर व्हायचंच नाही तोही एक लेव्हल घेऊन चालू लागायचा. २००३ च्या सुधारित नियमांत ते फीचर दुसऱ्या लेव्हलला सरकवलं गेलं. होमब्रू तपासताना मी सर्वांत आधी पहिली लेव्हल तपासतो ती यासाठीच.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने किंमत वारंवारतेत बांधली: हवं तेव्हा, लढाईत एकदा, दिवसातून एकदा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ते सैल करून विश्रांतीशी जोडलं आणि सोबत आणखी चलनं आणली: बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली एक जादा छोटी कृती), रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला तिथल्या तिथे दिलेलं उत्तर), कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरलेलं लक्ष). माझ्या मते होमब्रू लिहिणाऱ्याला मिळालेली ही सर्वांत उपयोगी हत्यारं. ताकद न कापता फक्त ‘यासाठी बोनस अ‍ॅक्शन लागेल’ म्हटलं की फीचर रुळावर येतं, कारण त्या पाळीत ती जागा दुसऱ्या कशाला उरत नाही.

त्याच वर्षीच्या डीएम-पुस्तकात मंत्रांच्या माराचा तक्ता आहे. तिसऱ्या लेव्हलच्या, अनेकांना लागणाऱ्या मंत्रासाठी तो सहा सहा-बाजूंचे फासे सांगतो, सरासरी २१. त्याच लेव्हलचा फायरबॉल मात्र आठ फासे टाकतो, सरासरी २८. फायरबॉल हा अपवाद आहे. त्याच्या बरोबरीने मोजून केलेलं प्रत्येक फीचर जड होतं, आणि असं होमब्रू सतत दिसतं. २०२० नंतर दुसरी सवय पसरली: फीचर ‘प्रोफिशिअन्सी बोनसइतक्या वेळा’ (पात्राला जे जमतं त्या कामात फाशात मिळवायच्या आकड्याइतक्या वेळा) वापरायचं. लिहायला सुटसुटीत. पण हा बोनस पात्राच्या एकूण लेव्हलवर वाढतो, पहिल्या लेव्हलला २ आणि सतराव्याला ६. त्यामुळे एकच लेव्हल घेऊन निघून गेलेल्यालाही पूर्ण वाढ मिळते. २००३ मध्ये मिटवलेली तीच रेंजरची अडचण मागच्या दाराने परत येते.

हे सगळं छापून विकता येण्यामागे कायद्याची बाजू आहे. २००० मध्ये रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ओपन गेम लायसन्स (इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा परवाना) आलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम त्याखाली खुले झाले. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने जुना परवाना मोडीत काढायचा घाट घातल्याचं फुटलेल्या मसुद्यातून कळलं. खेळाडूंनी रान उठवलं, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिले. ते आता परत घेता येत नाहीत. कोणी ते मराठीत आणायचे ठरवले तर परवानगी मागायला लागत नाही, श्रेय दिलं की पुरतं. मात्र या खुल्या नियमांत बाराही क्लासना प्रत्येकी एकच सबक्लास आहे. जे विकायचं आहे त्यात बाकीच्या छापील सबक्लासचा मजकूर उचलता येत नाही.

२०२४ च्या सुधारित पुस्तकात सगळ्या क्लासचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला आले. आधी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकला ते पहिल्या, तर ड्रुइड आणि विझार्डला दुसऱ्या लेव्हलला मिळत. म्हणजे या पाच क्लाससाठी त्याआधीच्या दहा वर्षांत लिहिलेलं होमब्रू नव्या नियमांत जसंच्या तसं बसत नाही. पहिल्या लेव्हलची फीचर तिसऱ्यावर नुसती ढकलली तर त्या एका लेव्हलला गर्दी होते. त्यातलं एखादं सहाव्या लेव्हलपर्यंत मागे ठेवावं लागतं, किंवा सरळ गाळावं लागतं. मी सध्या माझ्या जुन्या क्लेरिकच्या सबक्लासवर हेच काम करतो आहे.