शीतनिद्रा : लहान सस्तन प्राण्यांतील

हिवाळ्यात अन्न मिळेनासे झाले, की चयापचय व शरीराचे तापमान खाली आणून तग धरण्याची काही सस्तन प्राण्यांची रीत. ही अवस्था काही तासांपुरतीच असेल, तर तिला दैनिक सुप्ती म्हणतात. सायबेरियातील जुंगार हॅमस्टर थंडीत दिवसा सुप्त होतो आणि रात्री खाण्याच्या शोधात बाहेर पडतो. शीतनिद्रेत सुप्तीचे टप्पे कित्येक दिवसांचे, कधी आठवड्यांचे असतात आणि ते महिनोन्महिने एकामागून एक येत राहतात.

लहान प्राण्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे उष्णता भराभर निसटते. गरम राहायचे तर सतत खायला हवे, आणि तेच हिवाळ्यात शक्य नसते. अस्वलाचे तापमान मात्र थोडेच उतरते. त्याचा आकार आणि चरबी त्याला पुरते.

या तंत्राची परिसीमा उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक भागातील बिळात राहणाऱ्या खारीत दिसते. उन्हाळ्यात ती खाऊन खाऊन फुगते आणि वर्षाचे सात-आठ महिने बिळात काढते. १९८९ मध्ये अलास्कातील शास्त्रज्ञ ब्रायन बार्न्स यांनी अशा खारींच्या पोटात तापमान कळवणारे छोटे रेडिओ-प्रेषक बसवून नोंदी प्रसिद्ध केल्या. फेब्रुवारीत बिळाच्या खोलीवरची माती सरासरी −६° से.पर्यंत, तर खारी −१.९° से.पर्यंत उतरल्या होत्या. सर्वांत कमी नोंद होती −२.९° से. तरीही त्या गोठल्या नाहीत. त्यांच्या रक्तात गोठणरोधक द्रव्य सापडले नाही. शरीरातील द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही बर्फ न होता राहतो. प्रयोगशाळेत शून्याखालच्या थंडीत ठेवलेल्या खारींची छाती मात्र शून्याच्या वरच राहिली.

वसंतापर्यंत सलग घोरत पडलेली खार फक्त चित्रपुस्तकांत असते. प्रत्यक्षात ती दर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःला पुन्हा ३६-३७° से.पर्यंत तापवते, दिवसभराहून कमी वेळ तशी राहते आणि परत थंड होते. ही ऊब मुख्यतः तपकिरी चरबीतून येते. या चरबीच्या पेशींतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) थर्मोजेनिन नावाचे प्रथिन असते. त्यामुळे इंधनातली ऊर्जा एटीपीत (पेशी कामासाठी वापरतात त्या ऊर्जावाहक रेणूत) साठत नाही, थेट उष्णता होऊन बाहेर पडते. ही चरबी मान, खांदे आणि हृदयाभोवती असल्याने आधी पुढचा भाग तापतो, मागचे पाय मागाहून. मग थरथर सुरू होते आणि काही तासांत प्राणी पूर्ण शुद्धीवर येतो.

हा खटाटोप महाग आहे. हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीचा बहुतांश भाग सुप्तीत जळत नाही, अशा जागरणांतच जळतो. मग जागे व्हायचेच कशाला, यावर अजून एकमत नाही. गंमत अशी, की तापलेली खार बराचसा वेळ झोपण्यातच घालवते. इतक्या थंड मेंदूत खरी झोप होत नसावी आणि तिचा अनुशेष साचत असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. सुप्तीत आखडलेल्या चेतापेशींच्या शाखा या काळात पुन्हा वाढतात, हेही आढळले आहे. प्रतिकारशक्तीला काम करता यावे म्हणून प्राणी तापतो, असे काहींचे मत.

जागरणांचा हिशेब बिघडला तर काय होते, ते अमेरिकेतील वटवाघळांनी दाखवले. तेथे २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम नोंदवलेला ‘पांढरे नाक’ रोग थंडी मानवणाऱ्या बुरशीमुळे होतो. सुप्त वटवाघळाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असल्याने बुरशीला मोकळे रान मिळते. त्रासलेली वटवाघळे वारंवार जागी होतात, चरबी हिवाळा सरण्याआधीच संपवतात आणि किडे नसलेल्या ऋतूत उपाशी मरतात. लक्षावधी अशी दगावली.

भारतात लडाखमध्ये दिसणारा हिमालयी मार्मोट खोल बिळात कुटुंबासह शीतनिद्रा घेतो. तो खारीच्याच कुळातला, पण बराच मोठा. थंड प्रदेशातला प्रत्येक लहान प्राणी मात्र या वाटेने जात नाही. युरोपातील सामान्य चिचुंद्री हिवाळाभर जागी राहून किडे शोधते आणि खर्च वेगळ्या तऱ्हेने कमी करते: तिची कवटी आणि मेंदू हिवाळ्यात लहान होतात व वसंतात पुन्हा काही अंशी वाढतात.