डाऊनीचा फोन आणि डेंग्यूचा ताप

पावसाळा सरत आला की नाशिकमध्ये दोन धास्ती बरोबरच येतात. शहरात डेंग्यूची आणि निफाड-दिंडोरीकडं द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची. छाटणी होऊन बाग फुटायला लागते, त्यात एखादा पाऊस झाला की पानाखाली पांढरी बुरशी धरलीच. माझे मामा निफाडचे. मागं एकदा भल्या पहाटे ते शेजारच्या बागवाल्याला फोनवर सांगत होते, "आमच्या प्लॉटला डाऊनी दिसली. आमचं व्हायचं ते होईल, तुम्ही आजच फवारून घ्या."

आपल्या शरीरात विषाणू शिरला की पहिली पेशी नेमका हाच फोन करते. त्या फोनचं नाव इंटरफेरॉन, पेशीनं बाहेर सोडलेलं एक प्रथिन.

विषाणू पेशीत आपल्या प्रती काढू लागला की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. आपल्या पेशीत असा लांबलचक दुहेरी आरएनए सहसा मोकळा फिरत नाही. रिग-आय नावाचं एक पहारेकरी प्रथिन तो ओळखतं आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. गंमत अशी, की इंटरफेरॉन स्वतः एकही विषाणू मारत नाही. ते फक्त शेजारच्या पेशीच्या दारावर थाप मारतं. तिथून स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही प्रथिनं निरोप घेऊन केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं जागी होतात. काही आरएनएचे तुकडे करायची तयारी ठेवतात, काही विषाणूचा सुगावा लागताच प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतात. त्यात पेशीचं स्वतःचंही काम अडतं, पण फवारणी फुकट कुठं होते?

हा निरोप्या सापडला १९५७ साली. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला. नंतर उरलेल्या द्रवात ताजे तुकडे ठेवले, तर त्यांच्यावर जिवंत विषाणूचं फारसं काही चालेना. त्याच वर्षी कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडं मरत होती, माणसं तापानं फणफणत होती, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक त्याचा माग काढत होते. तोच क्यासनूर जंगलाचा ताप, गोचिडीतून येणारा. आपल्याकडं सिंधुदुर्गात लोक त्याला माकडताप म्हणतात. डेंग्यू, इबोला यांच्यासारखाच हाही रक्तस्रावी तापाच्या कुळातला.

आता तापाचंच बघा. हाडं मोडल्यासारखं अंग दुखतं, हुडहुडी भरते, ते सगळं विषाणूचंच काम असं आपण धरून चालतो. पण हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांना पूर्वी औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्यांनाही थंडीताप यायचा, अंग ठणकायचं. म्हणजे तापातलं बरंचसं दुखणं आपल्याच फोनाफोनीचं असतं.

रक्तस्रावी तापाचे विषाणू वाकबगार आहेत ते ही फोनची तार कापण्यात. इबोलाचं व्हीपी-३५ हे प्रथिन दुहेरी आरएनए झाकून टाकतं, म्हणजे पहारेकऱ्याला काही दिसतच नाही. त्याचंच व्हीपी-२४ हे स्टॅट-१ ला केंद्रकाच्या दारात अडवतं. डेंग्यूचं एनएस-५ तर स्टॅट-२ ला धरून त्याचा निकालच लावून टाकतं.

याचा मला सर्वांत आवडलेला पुरावा उंदरांचा आहे. साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला तरी तो सहसा आजारी पडत नाही. कारण एनएस-५ ला माणसाचा स्टॅट-२ पकडता येतो, उंदराचा नाही. कात्री आपल्या मापाची! म्हणून डेंग्यूच्या प्रयोगांसाठी मुद्दाम इंटरफेरॉनची थाप ऐकू न येणारे उंदीर तयार करावे लागले. ते मात्र आजारी पडतात.

निरोप अडला की विषाणू माजतो. मग प्रतिकारशक्तीला उशिरा जाग येते आणि ती वेळ-काळ न बघता सगळीकडं आरडाओरडा करते. त्या गदारोळात रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. डेंग्यूत हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, नेमका ताप उतरू लागतो तेव्हा होतं. घरचे बॅग भरायला घेतात आणि डॉक्टर सोडत नाहीत, ते यासाठी. आपण मात्र प्लेटलेटचे आकडे मोजत किवीच्या मागं धावतो. डॉक्टर त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघत असतात, कारण पाणी झिरपलं की रक्त दाट होतं आणि तो आकडा चढतो.

मग इंटरफेरॉनच टोचून का देत नाहीत? इबोलाची लागण केलेल्या माकडांवर हे करून पाहिलं गेलं. मृत्यू थोडा लांबला, टळला नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर शेजारचे प्लॉटही धरलेले असतात. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "घडात शिरल्यावर कोण फवारतं?" आणि पानं उलटून बघायला बागेत निघून गेले.