गेममधला सेकंदाला साठ फ्रेमचा आकडा आला कुठून?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हा पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे, म्हणजेच फ्रेम, सरकत होती. यंत्र हाताने फिरवायचे असल्यामुळे तो वेगही फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला, आवाजासाठी फीत एकाच गतीने धावणे भाग पडले आणि २४ हा आकडा रूढ झाला. डोळ्याला याहून जास्त दिसतच नाही, हा त्यावरून पसरलेला समज चुकीचा आहे, कारण आवाज नीट उमटावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये, यांतली ती तडजोड होती.

टीव्हीचे आकडे विजेवरून आले. १९७२ मध्ये दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, विजेला धरून सेकंदाला ५० अर्धी (एकाआड एक ओळींची) चित्रे दाखवण्याची पद्धत आपल्याकडे होती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे साठ, आणि जपाननेही तोच मापदंड घेतला. घरगुती व्हिडिओ गेम याच टीव्हींना जोडले गेले. साठच्या हिशेबाने लिहिलेले जपानी गेम युरोपातल्या ५० च्या टीव्हीवर जसेच्या तसे चालवले, की अनेकदा सहाव्या हिश्श्याने मंदावत.

सिनेमाला २४ फ्रेम पुरतात, मग गेमला ३० कमी का वाटाव्यात? कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात हालचालीचा थोडा फराटा उमटलेला असतो आणि तो दोन चित्रांमधली उडी झाकतो, तर गेमची फ्रेम सहसा रेखीव असते. शिवाय प्रेक्षक नुसता पाहतो, खेळणारा मात्र माऊस हलवून उत्तराची वाट पाहतो. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७ आणि १२० ला ८.३, म्हणजे आकडा दुप्पट होत गेला तरी वाचणारा वेळ दर टप्प्याला निम्माच होतो.

सरासरीने मात्र बराच काळ फसवले. तासाला पंधरा लोकल सुटतात, असे वेळापत्रक सांगते, पण तीन गाड्या पाठोपाठ येऊन पुढची वीस मिनिटे फलाट रिकामा राहिला, तर दादरला उभ्या असलेल्या माणसाला त्या पंधराचे काय कौतुक? फ्रेमचेही तसेच आहे. २०११ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डांची चाचणी घेणाऱ्या काही परीक्षकांनी सेकंदाची सरासरी सोडून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला घेतला, तेव्हा साठची सरासरी दाखवणारा गेमही अडखळल्यासारखा का भासतो, हे आलेखात दिसू लागले. २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. त्यात फ्रेम तयार होईल तेव्हाच मॉनिटर चित्र बदलतो, त्यामुळे ठरलेल्या ठोक्याची वाट पाहावी लागत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खोक्यावर १४४ हर्ट्झ लिहिलेला मॉनिटर घेताना फ्रेम आणि पडदा यांतला हा भेद उपयोगी पडतो. तो आकडा पडदा सेकंदाला किती वेळा बदलू शकतो याचा आहे; फ्रेम पुरवणे ग्राफिक्स कार्डाचे काम, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० तसेच राहिले, तर पडदा साठवरच चालत राहतो.