टॅबच्या आवाजाची तुलना करण्याआधी एवढं वाचा

‘शेजारच्यांचा टॅब केवढा वाजतो, आमचाच का कुजबुजतो?’ शाळा-क्लास सुरू झाले की हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. सोबत फर्माईशही असते, की स्पीकर बदलून द्या. टॅब तपासला की बहुतेक वेळा स्पीकर ठणठणीत निघतो. चुकलेली असते ती तुलना.

आवाजाचं बटण पूर्ण वर आहे, ब्लूटूथ बंद आहे हे तुम्ही पाहिलेलं असतंच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो एकाच गोष्टीमुळे: दोन टॅबवर दोन वेगळे व्हिडिओ लावून आवाज जोखणं. शेजारच्या टॅबवर सिनेमाचं गाणं चालू असतं आणि तुमच्या टॅबवर सरांनी घरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला गणिताचा तास. गाण्याचा आवाज स्टुडिओत चढवूनच बाहेर येतो. सरांचा तास मुळातच हळू असतो. युट्यूब फार चढ्या आवाजाचे व्हिडिओ आपणहून खाली आणतं, पण हळू रेकॉर्ड झालेला व्हिडिओ त्यांच्या पातळीला उचलून आणेलच असं नाही. त्यात एका टॅबवर ‘स्टेबल व्हॉल्यूम’ (युट्यूबची आवाज एकसारखा ठेवणारी सोय) किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉस (टॅबमधलं आवाज भरदार करणारं सेटिंग) चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल, तर तोच व्हिडिओसुद्धा वेगळा ऐकू येतो. कॉलचा आवाज आणि व्हिडिओचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉल हळू येतो म्हणून स्पीकरला दोष देऊ नका, कॉल चालू असतानाच बटण वर करून बघा.

म्हणून दोन्ही टॅबवर एकच फाइल उतरवून घ्या, शक्यतो कुणाच्या तरी बोलण्याची. कव्हर काढा. एकाच टेबलावर, एकाच जागी, आळीपाळीने ठेवा आणि दोन्ही वेळा दीड फुटांवरून ऐका. अंतराचा फरक लोकांना किरकोळ वाटतो, पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) उतरतो. टॅब गादीवर ठेवला किंवा भिंतीला टेकवला तरी फरक पडतो.

मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप चालेल का, असं विचारतात. दोन्ही वेळा तोच मोबाइल त्याच जागी ठेवलात तर चालेल. मात्र त्यावरचा आकडा खरा धरू नका, दोन आकड्यांतला फरक बघा. १-२ डेसिबलचा फरक रोजच्या वापरात कानाला फारसा कळत नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. वॅट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात, तेव्हा खोक्यावरचे वॅट पाहून हुरळून जाऊ नका.

मॉडेलप्रमाणे खरा फरक असतोही. गॅलक्सी टॅब ए९ ला दोन स्पीकर आहेत, ए९ प्लसला चार. नवव्या पिढीपर्यंतच्या साध्या आयपॅडचे दोन्ही स्पीकर एकाच कडेला आहेत. आडवा धरला की तळहात नेमका त्यांच्यावर येतो. २०२२ च्या दहाव्या पिढीपासून ते समोरासमोरच्या कडांना आले. टॅब घ्यायचा असेल तर आमच्याकडे दोन मॉडेल शेजारी ठेवून तुमचीच फाइल लावून देतो, पण मागच्या खोलीत. दुकानासमोर एसटी थांबते, तिथे काउंटरवर कोणता टॅब मोठ्याने वाजतो हे आम्हालाही सांगता यायचं नाही. आणि मोठा वाजतो एवढंच पाहू नका. पूर्ण आवाजात ‘स’, ‘श’ चरचरत असतील तर तासभर ऐकताना डोकं उठतं.

तुलना नीट करूनही तुमचा टॅब हळूच वाजला, तर बहुधा जाळीत धूळ अडकलेली असते. मऊ, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडा. टाचणी, सुई अजिबात नको. जाळी फाटते, आणि पुष्कळदा लोक स्पीकर समजून माइकच्याच भोकात टोचतात. मग ऐकू येतं, पण तुमचं बोलणं पलीकडे जात नाही. आवाज वाढवणारी अ‍ॅपही टाळा. त्यांनी आवाज फाटतो आणि छोट्या स्पीकरवर नको तो ताण येतो.

तपासणीचे १०० रुपये आम्ही आधी घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पण बहुतेक टॅबची काच गरम करून उचलल्याशिवाय स्पीकरपर्यंत हात पोचत नाही, आणि त्यात डिस्प्लेला धोका असतो. गरज नसताना उघडून स्पीकरचे पैसे लावणं सोपं आहे, आम्ही ते करत नाही. काम निघालं तर हे १०० रुपये बिलातून वजा होतात.

दहा-बारा मुलांचा क्लास किंवा भजनी मंडळाचा सराव असेल तर कुठल्याच टॅबकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या, टॅब बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. स्पीकरची जागा मोकळी सोडणारी कव्हरंही आमच्याकडे आहेत. येताना टॅबचं मॉडेल तेवढं बघून या. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा ऐकून बघायला निवांत वेळ देता येतो.