बोटाला कळणारा डाग

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो: चेहऱ्यावर, हातावर काळपट डाग दिसले तर सावध व्हा, ही त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. सोबत चार-पाच फोटो, बहुतेक गोऱ्या पाश्चात्त्य म्हाताऱ्यांचे. मग कुणाची तरी आई आरशासमोर गालावरचे डाग मोजत बसते. खरं तर उन्हाने येणाऱ्या डागांपैकी जो कर्करोगाच्या वाटेवरचा असतो, तो बहुतेक वेळा काळा नसतोच. फिकट गुलाबी किंवा कातडीच्याच रंगाचा असतो, फोटोत धड दिसतही नाही. तो बोटाला लागतो.

आधी निरुपद्रवी मंडळी उरकून घेऊ. दोन्ही गालांवर साधारण सारखा पसरलेला तो वांग. त्यात उन्हाबरोबर हार्मोन्सचाही हात असतो, आणि तो कितीही जुना झाला तरी त्याचा कर्करोग होत नाही. आपल्याकडे आई-मावशीच्या डोळ्यांखाली, गालांवर जे बारीक काळे उंचवटे येतात, ते घराण्यातून चालत येतात आणि तेही निरुपद्रवी. वय वाढेल तसे पाठीवर, कपाळावर वरून चिकटवल्यासारखे दिसणारे तेलकट तपकिरी उंचवटे येतात, ते सेबोऱ्हिक केराटोसिस. आणि पन्नाशीनंतर हातांच्या मागच्या बाजूला, गालावर येणारे सपाट तपकिरी ठिपके म्हणजे सोलर लेंटिगो, हे मात्र खास उन्हाचे. डोळे मिटून बोट फिरवलं तर लेंटिगो सापडत नाही, इतका तो गुळगुळीत असतो.

याउलट अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. हाच तो कर्करोगाच्या वाटेवरचा डाग. टक्कल पडलेलं डोकं, कपाळ, कानाची वरची कड, खालचा ओठ, मनगटापुढचा हात, अशा वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या जागी काही मिलिमीटरचा एक खरखरीत पट्टा. हात लावला तर पॉलिश पेपर. नखाने खपली काढली तर थोड्या दिवसांत परत येते. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाच्या टकलावरून आधी बोटं फिरवतात आणि मग दिवा पेटवतात, ते यासाठीच.

खरखर येते कुठून, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

डीएनए म्हणजे ए, टी, सी, जी या चार अक्षरांची लांब माळ. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण पेशीच्या डीएनएवर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं, टी किंवा सी, एकमेकांना चिकटतात. पेशी असे जोड कापून दुरुस्त करते. एखादा राहून गेला तर पुढची प्रत काढताना सी-च्या जागी टी बसतो. कधी कधी लागोपाठच्या दोन सी-च्या जागी दोन टी. हा जोडबदल म्हणजे उन्हाची सहीच, दुसऱ्या कशाने तो क्वचितच होतो. १९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाला त्वचेच्या स्क्वॅमस सेल कर्करोगात (असा खरखरीत डाग पुढे बिघडला तर होतो तो) ही सही नेमकी पी-५३ या जनुकावर सापडली.

पी-५३ चं एक काम फार कठोर आहे: डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की त्या पेशीला मरायला लावायचं. ऊन भाजून कातडी सोलवटते तेव्हा तिच्यात अशा आत्मघात केलेल्या पेशी असतात. आता ज्या पेशीचं पी-५३ बिघडलंय ती मरत नाही. पुढच्या प्रत्येक कडक उन्हात शेजारच्या सरळमार्गी पेशी मरतात, जागा रिकामी होते आणि त्या जागेत या न मरणाऱ्या पेशीची पिल्लावळ पसरते. म्हणजे ऊन एकदा बी पेरतं आणि मग शेत निंदूनही देतं. याच गटाने १९९४ मध्ये ही दुहेरी भूमिका मांडली, तेव्हापासून 'ऊन फक्त डीएनए बिघडवतं' हे म्हणणं अपुरं ठरलं.

निरोगी त्वचेत पेशी तळाशी जन्मते, वर सरकत जाते, चपटी होते, केंद्रक टाकून देते आणि केराटिनचा (केस-नखांत असतं ते प्रथिन) पातळ पापुद्रा होऊन गळून पडते. या बिघडलेल्या वंशातल्या पेशी हा क्रम नीट पुरा करत नाहीत. केंद्रकासकट वर पोचतात, पापुद्रे सुटत नाहीत, थरावर थर साचतो. तीच खरखर. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगवणीत तर हे फार देखणं दिसतं. केसांच्या आणि घामाच्या छिद्रांभोवतीच्या पेशी खोलवरून आलेल्या असतात, उन्हापासून वाचलेल्या. त्यामुळे छिद्रांवर निरोगी निळसर केराटिन, मधल्या जागेत बिघडलेलं गुलाबी, पुन्हा निळसर, पुन्हा गुलाबी, असे पट्टे. लेंटिगोत रंगद्रव्य वाढतं आणि त्वचेच्या तळाचे कंगोरे खाली लांबतात. वरचा थर शिस्तीत राहतो. म्हणून तो गुळगुळीत.

असा खरखरीत डाग सापडला म्हणजे कर्करोग झाला असं अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या मेरीबरो गावी १९८० च्या दशकात रॉबिन मार्क्स आणि सहकाऱ्यांनी हजारो डागांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. एका डागाचा एका वर्षात कर्करोग होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी निघाली आणि वर्षभरात साधारण चौथा हिस्सा डाग आपोआप गेले. पण ज्याच्या टकलावर एक आहे त्याच्या टकलावर सहसा अनेक असतात, शिवाय आसपासच्या नितळ दिसणाऱ्या कातडीतही बिघडलेल्या पेशींचे पुंजके असतात, त्यामुळे माणसाचा धोका डागाच्या धोक्याहून मोठा. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ जणांवर झालेल्या प्रयोगात रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वॅमस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले.

डाग जाड होऊ लागला, बुडाशी गाठ लागली, दाबल्यावर दुखला, रक्त आलं किंवा जखम आठवडे गेले तरी भरेना, तर थांबू नये. तुकडा काढून तपासावा लागतो. आणि बोटाची परीक्षा एका ठिकाणी साफ नापास होते. लेंटिगो मॅलिग्ना नावाचा मेलानोमाचा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा) सुरुवातीचा प्रकार सपाट आणि गुळगुळीतच असतो. त्याच्यात मात्र एकाच डागात दोन-तीन रंग, वेडीवाकडी कड आणि सावकाश वाढणारा आकार दिसतो. तिथे डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, हवा. फोनवरची डाग ओळखणारी अ‍ॅप्स फोटोवर चालतात. खरखर फोटोत येत नाही, एवढं त्यांच्या जाहिराती बघताना आठवावं.

घरगुती उपायांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. आपल्याकडे चुना आणि सोडा लावून तीळ, चामखीळ जाळतात. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत 'ब्लॅक साल्व' नावाचा दाहक लेप 'नैसर्गिक' म्हणून खपतो. दोन्हींत वरची कातडी जळून खपली पडते, माणूस खूश, आणि खाली कर्करोग असलाच तर तो व्रणाखाली निवांत वाढतो. लिंबू चोळून उन्हात गेलात तर वेगळेच काळे डाग पडतात.

खरे उपाय साधे आहेत. एकटादुकटा डाग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. पुष्कळ असतील तर ५-फ्लुओरोयुरॅसिलचं मलम. पोटातल्या कर्करोगासाठी हे औषध शिरेतून घेणाऱ्या रुग्णांचे उन्हाचे जुने डाग लाल होऊन नाहीसे होतात, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यातून मलम निघालं. हे औषध पेशीचा टी अक्षर बनवण्याचा कारखाना बंद पाडतं, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी आधी मरतात. मलम लावल्यावर न दिसणारे डागही लालभडक होऊन वर येतात. आठवडाभरात चेहरा भयंकर दिसतो आणि बरेच लोक घाबरून मलम सोडतात.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्री धरतं, म्हणून महाराष्ट्रात अ‍ॅक्टिनिक केराटोसिस कमीच दिसतो. अपवाद म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसलेली मंडळी, ज्यांना आपण सूर्यमुखी म्हणतो, आणि झीरोडर्मा पिग्मेंटोझम या दुर्मीळ आजाराची मुलं. या मुलांत अक्षरं कापून दुरुस्त करणारी यंत्रणाच अपुरी असते आणि लहानपणीच कर्करोग होतात. बाकीच्यांनी गालाऐवजी तळपाय बघावेत. भारतीयांतला मेलानोमा बरेचदा उन्हाशी संबंध नसताना तळव्यावर किंवा नखाखाली येतो, आणि अनवाणी चालताना काहीतरी लागलं असेल म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.