सायलेन्सरचा गंज

मोटारसायकलच्या इंजिनातून जळके वायू मागे नेणाऱ्या पोलादी नळीला आणि डब्याला लागणारा गंज. बोलण्यात या सगळ्याला मिळून सायलेन्सर म्हणतात. गॅरेजात मात्र सिलिंडरपासून निघणारी वाकडी नळी ती बेंड पाइप आणि मागचा जाड डबा तो सायलेन्सर, असा भेद करतात. इथेही तो पाळलेला बरा, कारण दोघांना गंज वेगळ्या वाटेने लागतो. बेंड पाइप बहुधा बाहेरून गंजते आणि सायलेन्सर आतून. बडोद्याच्या गॅरेजांत गंजाला ‘काट’ हा गुजराती शब्द ऐकू येतो. मिस्त्रीने डबा ठोकून ‘काट खाई गयो’ म्हटले की घासूनपुसून भागण्याची वेळ निघून गेलेली असते.

गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढे पुरते. डब्यातले पाणी पावसाचे असेल असे वाटते, पण ते बहुतांशी इंजिनच तयार करते. पेट्रोल हायड्रोजन आणि कार्बन यांचे बनलेले असते. त्यातला हायड्रोजन जळला की पाणी होते, आणि हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी निघते. ते वाफ होऊन जाते म्हणून दिसत नाही. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर येतो, तोंडातून चार थेंब गळतात, आणि नवखा मालक इंजिनात पाणी शिरले म्हणून घाबरतो. आतला पत्रा साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत ही वाफ त्याच्यावर दवासारखी बसत राहते.

आता बडोद्यातल्या गाडीचा दिवस पाहावा. दांडिया बाजारातून अलकापुरीला बँकेत, तिथून खंडेराव मार्केटात भाजीला, मग घरी. एकेक फेरी तीन-चार किलोमीटरांची. लिटरला ५० किलोमीटर जाणारी गाडी तीन किलोमीटरांत ६० मिलिलिटर पेट्रोल जाळते, म्हणजे चार मोठे चमचे पाणी करते, आणि मागचा डबा पुरता तापायच्या आत बंद होते. त्यातले बरेचसे पाणी उडून गेले तरी राहिलेले खालच्या पत्र्यावर साचते. रोज लांब हालोलच्या कारखान्यात जाऊन येणाऱ्याचा सायलेन्सर यामुळे वर्षानुवर्षे टिकतो, आणि आजोबांची जिवापाड जपलेली, कापडाखाली झाकलेली, आठवड्यातून एकदा ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ दोन मिनिटे चालवून बंद केलेली गाडी आतून सडते. त्या दोन मिनिटांनी बॅटरीचे भले होत नाही आणि सायलेन्सरचे नुकसान मात्र नक्की होते.

साचलेले पाणी निव्वळ पाणीही नसते. ज्वलनातून येणारे गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात विरघळून सौम्य आम्ल होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (‘भारत स्टेज’ या सरकारी प्रदूषण-मानकाचा सहावा टप्पा) पेट्रोलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपुरते ठेवलेले आहे. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. आम्लाची धार त्याने कमी झाली, पाण्याचे प्रमाण होते तेवढेच राहिले.

उत्पादकांना हे ठाऊक असते. म्हणून बऱ्याच सायलेन्सरांच्या तळाला, सर्वांत सखल जागी, काडीच्या जाडीचे एक भोक ठेवलेले असते. पाणी गळून जाण्याची ती मोरी. त्यातून काळपट थेंब पडतात, कधी फुसफुस ऐकू येते, आणि मालक गळती समजून ते वेल्डिंगने बुजवून घेतो. पैसे देऊन सायलेन्सरचे आयुष्य कमी करून घेण्याचा याहून सोपा उपाय सापडणार नाही. चिखलाने भोक बंद झाले असेल तर थंड गाडीवर तार घालून मोकळे करावे.

दोन-स्ट्रोकच्या जमान्यात हे दुखणे वेगळे होते. राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० या गाड्या पेट्रोलबरोबर ऑइलही जाळत. त्याचा चिकट थर डब्याच्या आत बसे. गंजापासून तो राखण करी, पण हळूहळू वाटच बुजवे, आणि मग आतली जाळी काढून ती भट्टीत किंवा स्टोव्हवर लालभडक करून काजळी जाळावी लागे. चार-स्ट्रोक गाड्या आल्या, काजळी गेली, गंज आला.

बाहेरचा गंज : जुन्या आणि स्वस्त गाड्यांच्या साध्या पोलादी नळीवर क्रोमचा मुलामा असतो. झळाळी क्रोमची असली तरी खरे संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थराचे असते. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि तापून-निवून ती वाढतात. त्यांतून पाणी पोलादापर्यंत पोचले की निकेल शाबूत राहते आणि खालचे पोलाद जास्तच वेगाने खाल्ले जाते. म्हणून क्रोमवर आधी तांबूस ठिपके उठतात, मग पापुद्रे सुटतात. पुढच्या चाकाचा चिखल नेमका बेंड पाइपच्या पुढच्या वळणावर उडतो, तापलेल्या नळीवर भाजून बसतो आणि ओल धरतो. तिथेच सुरुवात होते.

स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा ऑक्साइड पृष्ठभागावर घट्ट, न दिसणारे कवच धरतो. सायलेन्सरांसाठी वापरतात ते ४०९ जातीचे पोलाद सुमारे ११ टक्के क्रोमियमचे. त्यावर वरवर तपकिरी झाक येते, आरपार भोक मात्र सहसा पडत नाही. त्याला लोहचुंबक चिकटतो. ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही’ ही ताटवाट्यांच्या दुकानातली परीक्षा इथे चालत नाही. बेंड पाइपवर येणारी सोनेरी-निळी झाकही गंज नव्हे. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड झाला की असे रंग दिसतात. कोणाला आवडतात, कोणी पॉलिशने काढतात.

परीक्षा : मडके घेताना वाजवून घेतात तसे करावे. गाडी पूर्ण थंड असताना पान्याच्या दांड्याने डब्याचा तळ हलकेच ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. हलवल्यावर आत खडखड झाली तर पापुद्रे सुटले आहेत, नाहीतर आतली जाळी निखळली आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फटफट होत असेल तर जोड किंवा भोक शोधावे: तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल नळीतच पेट घेते. बीएस-६ गाडीत भोक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सर चुकीचे माप सांगतो आणि पेट्रोल जास्त जाऊ लागते. बंद गॅरेजात अशी गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उपाय : क्रोमवरचे ठिपके काढायला घरातली ॲल्युमिनियमची फॉइल पुरते. तिचा बोळा पाण्यात बुडवून घासावे. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंज सुटतो. व्हिनेगर, लिंबू, चिंचेचा कोळ यांनीही काम होते, पितळी भांड्यांसारखेच, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करायला हवे. संडासात टाकायचे ॲसिड मात्र कधीही लावू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि गंजाबरोबर क्रोमही खाते. त्याने नळी तासभर पांढरीशुभ्र दिसते, दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. जाड काच पेपरानेही क्रोमवर जाऊ नये; मुलामा एकदा गेला की घासणे दर महिन्याचे होते.

साध्या पोलादावर काळा रंग असेल तर रीत वेगळी. तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढावा, वॉटर पेपराने पत्रा साफ करावा, खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे. गंजाचे त्याने लोहफॉस्फेट होते आणि तो काळपट, घट्ट बसतो. मग थिनरने पुसून हीट-प्रूफ रंगाचे दोन-तीन पातळ हात. हा रंग सिलिकोनच्या रेझिनचा असतो आणि चांगल्या प्रतीचा सुमारे ६०० अंश सोसतो. हाताला वाळलेला लागला तरी तो पक्का झालेला नसतो, उष्णतेनेच पक्का होतो. पहिल्यांदा इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून थंड होऊ द्यावे, मग थोडे जास्त, असे दोन-तीनदा. लोक नेमके हेच टाळतात, पहिल्याच दिवशी गाडी पावागडला नेतात आणि रंग सोलपटला की रंगाच्या कंपनीला दोष देतात. गेटाला लावायचा ऑइलपेंट तर पहिल्या तासातच जळून वास मारतो.

नळी उतरवण्यातला खरा धोका सिलिंडरच्या तोंडाशी असतो. तिथले दोन नट वर्षानुवर्षे तापून स्टडवर (आट्यांच्या सळईवर) जाम झालेले असतात, आणि स्टड हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणात, बसवलेले. जोर केला की स्टड तुटतो, मग हेड उतरवून ड्रिल करण्याचे काम निघते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल, नसेल तर डिझेल, सोडून ठेवावे. सकाळी इंजिन थोडे कोमट करून नट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा. घाई असलेल्या मिस्त्रीला हे पटत नाही. जोडताना आतली तांब्याची गॅस्केट नवीन घालावी, जुनी दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

बोटाएवढे भोक असेल तर ठिगळ लावता येते. सडलेला पत्रा कागदासारखा असतो, विजेच्या वेल्डिंगने भोक आणखी मोठे होते. गॅस वेल्डिंग किंवा पितळेचे झाळण बरे. ठिगळाला गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेऊ नये, जस्ताचा धूर विषारी असतो. बीएस-६ गाडीवर वेल्डिंग करताना डबा गाडीवरून उतरवून घ्यावा. एका ठिगळाशेजारी वर्षभरात दुसरे लागले तर नवा सायलेन्सर घेणे स्वस्त. जुन्यावर पुन्हा क्रोम मारून देणारे कारखाने वापरलेला डबा सहसा घेत नाहीत. आतली काजळी आणि तेल त्यांची टाकी बिघडवते.

पूर आणि पावसाळा : बडोद्यात या विषयाला शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचा एक वेगळा अध्याय जोडावा लागतो. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. बातम्या नदीतून शहरात आलेल्या मगरींच्या आल्या, सायलेन्सरांच्या कोणी दिल्या नाहीत. पुराचे पाणी मागच्या तोंडातून शिरते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळके वायू बाहेर सोडणारी झडप) उघडा असेल तर सिलिंडरपर्यंत जाते. अशा गाडीचे स्टार्टर बटण दाबले की पिस्टन पाण्यावर आपटतो, कारण पाणी दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे, आणि सायलेन्सर उतरवून तोंड खाली करून रात्रभर टांगावा. पाणी निथळते, गाळ निथळत नाही. तो जाळीच्या मागे बसतो आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो, म्हणून आधी पाइपने स्वच्छ पाणी सोडून डबा खळखळून घ्यावा. जोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटर सलग फेरी मारावी.

ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आवरण टाकू नये. आत घाम सुटतो, आणि उघडी ठेवली असती तर एवढी गंजली नसती इतकी ती गंजते. बाहेरचा गंज नजरेस येतो तो बहुधा खंडेनवमीला. पाऊस ओसरलेला असतो, गाडी धुऊन हळद-कुंकू लावायचे असते, झेंडूचा हार हँडलला जातो, आणि फडके खाली उतरते तेव्हा जूनपासूनचा हिशेब समोर येतो. नवरात्राच्या आठवड्यात गॅरेजांत रंगाच्या डब्यांना मागणी येते ती अशी.

सडलेला सायलेन्सर काढून त्याजागी मोकळ्या आवाजाची पोकळ नळी बसवण्याचा मोह तरुणांना होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या रचनेत असा बदल चालत नाही, आणि आवाज व धुराबद्दल कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

नवा डबा बसवल्यावर जुना गॅरेजात सोडून येण्याची पद्धत आहे. साध्या जुन्या सायलेन्सराला भंगारवाला लोखंडाचाच भाव देतो. बीएस-६ गाडीच्या नळीत मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या धातूंचा पातळ लेप असतो. पत्रा कितीही गंजला तरी तो लेप गंजत नाही. ती नळी वजनावर देऊ नये.