हेवी टो ट्रक ऑपरेटर

बंद पडलेला, रस्त्याखाली उतरलेला किंवा आडवा झालेला ट्रक, बस, टँकर, ट्रेलर असलं मोठं धूड उचलून, ओढून, सरळ करून जागेवरून हलवणारा माणूस म्हणजे हेवी टो ट्रक ऑपरेटर. नो पार्किंगमधली कार उचलून नेणाऱ्या गाडीशी याचं नातं नावापुरतंच, कारण कार दीड टनाची आणि इथे भरलेला ट्रेलर ३५-४० टनांचा, त्यामुळे तिथे जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही. बघणाऱ्याला वाटतं की हे ताकदीचं काम आहे, ताकद तर मशीनमध्येच असते, ऑपरेटरचं खरं काम म्हणजे वजन आत्ता कुठे आहे आणि लिव्हर दाबल्यावर ते कुठे जाणार हे आधीच ओळखणं.

कामाचे ढोबळ दोन भाग पडतात. गाडी चाकांवर उभी आहे, फक्त चालत नाही, तर तिला न्यायचं ते टोइंग, आणि गाडी जिथे असायला नको तिथे आहे, खड्ड्यात, चिखलात, उलटी, तर तिला आधी रस्त्यावर आणायचं ती रिकव्हरी. बरेच जण टोइंग वर्षानुवर्षं करतात आणि रिकव्हरीला एकटे हात लावत नाहीत, त्यात कमीपणा काही नाही.

या धंद्याची सुरुवात सहसा १९१६ पासून सांगतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला होता, त्याने ओढ्यात पडलेली एक गाडी दोर, ओंडके आणि बरीच माणसं लावून तासन्‌तास खपून बाहेर काढली आणि मग ठरवलं की हे असं परत करायचं नाही. १९१३ च्या कॅडिलॅकवर त्याने बूम (वजन उचलायचा लांब दांडा) आणि विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवून पहिला टो ट्रक बनवला. पुढे त्याचे दोन बूमवाले ट्रक गाजले, त्यातली युक्ती अशी की एका बाजूची दोरी झाडाला किंवा भक्कम खांबाला बांधून स्वतःचा ट्रक धरून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने ओढायचं, म्हणजे ओढणारा स्वतःच उलटत नाही. चॅटनूगात आज टोइंगचं म्युझियम आहे आणि तिथे काम करताना गेलेल्या ऑपरेटरांच्या नावांची भिंतही आहे.

आजच्या हेवी गाडीला मागे अंडरलिफ्ट असते, म्हणजे हायड्रॉलिकवर आत-बाहेर सरकणारा जाड लोखंडी दांडा, तो बंद गाडीच्या पुढच्या एक्सलखाली किंवा चेसीखाली घालून गाडी जेमतेम जमिनीवरून उचलायची. वर बूम आणि विंच असतात. सगळ्यात मोठा प्रकार रोटेटर, त्याचा बूम क्रेनसारखा गोल फिरतो, क्षमता साधारण ५० ते ७५ टन, आणि त्याला चारी बाजूंनी पाय टेकवून उभं करतात. पण ही ७५ टनांची क्षमता बूम आखूड आणि उभा असताना, बूम लांब काढून आडवा केला की आकडा धाडकन खाली येतो, आणि नवशिके नेमके इथेच फसतात.

लोकांना वाटतं हुक लावला की निघाले. प्रत्यक्षात ट्रक हलायच्या आधीच अर्धं काम होतं आणि ते ट्रकखाली पाठीवर पडून होतं. एअर ब्रेकवाल्या ट्रकच्या मागच्या चाकांना पार्किंगसाठी एक दणकट स्प्रिंग असते, हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे दाबून धरतो, हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम. बंद पडलेल्या ट्रकची हवा हळूहळू उतरलेली असते, म्हणून आपल्या ट्रकमधून नळी लावून त्याला हवा द्यायची आणि ब्रेक सुटले का ते बघायचं. लाइन फुटलेली असेल आणि हवा टिकतच नसेल तर ब्रेक चेंबरच्या, म्हणजे ती स्प्रिंग ज्या डब्यात असते त्याच्या, मागून लांब बोल्ट घालून ती स्प्रिंग आवळून ठेवतात. हे करायच्या आधी चाकांना लाकडी गुटके लावलेले पाहिजेत, कारण बोल्ट आवळून झाल्या क्षणी त्या ट्रकला पार्किंग ब्रेक उरत नाही आणि उतारावर असेल तर तो निघाला समजा. आणि चेंबरच खोलायचा उद्योग कुणी करू नये, आतली स्प्रिंग माणूस मारू शकते.

दुसरी गोष्ट शाफ्टची. पुढची चाकं उचलली तरी मागची रस्त्यावर फिरतातच, ती फिरली की डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) फिरतं, गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत येणारा प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सची मागची बाजू फिरते. पण गिअरबॉक्समध्ये आतून तेल फिरवणारी यंत्रणा इंजिनच्या बाजूने चालते आणि इंजिन तर बंद, म्हणजे आतले भाग कोरडे घासत राहतात. काही किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स जळतो आणि मग साध्या डिझेल पंपासाठी बोलावलेल्या ऑपरेटरच्या गळ्यात गिअरबॉक्सचं बिल पडतं. म्हणून प्रोपेलर शाफ्ट सोडायचा नाहीतर चाकांतून एक्सल शाफ्ट उपसायचे, उघड्या भोकांवर झाकणं लावायची म्हणजे तेल सांडणार नाही आणि धूळ जाणार नाही, आणि डावा कुठला उजवा कुठला ते खडूने लिहून ठेवायचं. रात्री दोन वाजता पावसात याचा कंटाळा येतो हे खरं, पण या धंद्यातली महागडी भांडणं बहुतेक या कंटाळ्यातूनच निघतात.

आता वजनाचं गणित, हे तराजूसारखंच आहे. समजा टो ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ६ मीटर अंतर आहे (मागे दोन एक्सल असतील तर त्यांचा मध्य धरायचा) आणि मागच्या एक्सलपासून ३ मीटर मागे आपण ६ टन उचलले. मागचा एक्सल झाला टेकू, त्यामुळे पुढच्या एक्सलवरून ६ गुणिले ३ भागिले ६ म्हणजे ३ टन कमी होतात आणि मागच्यावर ६ नाही तर ९ टन वाढतात. रिकाम्या टो ट्रकच्या पुढे ७ टन असतील तर उरले ४, स्टिअरिंग चालेल. पण तिथेच ८ टन उचलले की पुढे ३ च उरतात, आणि धंद्यातला नियम असा की पुढच्या एक्सलवर मूळ वजनाच्या निम्मं तरी राहिलंच पाहिजे, नाहीतर चाक वळवलं तरी ट्रक सरळच जातो आणि पुढचे ब्रेकही धरत नाहीत. अशा वेळी दांडा जमेल तेवढा आत घ्यायचा किंवा गाडी दुसऱ्या टोकाने उचलायची. हेवी टो ट्रकचं नाक एवढं लांब आणि जड का असतं त्याचं उत्तरही यातच आहे.

रिकव्हरीत चिखल सगळ्यात फसवा. लष्करी रिकव्हरीच्या हिशोबात असं धरतात की गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर ती काढायला तिच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे २० टनांचा ट्रक मडगार्डपर्यंत रुतला की ४० टनांची ओढ, आणि विंच सुरू करायच्या आधी फावडं हातात घेऊन चाकांपुढचा चिखल काढला, बुडाखाली हवा जायला वाट केली तर त्यातला बराच भार तसाच उतरतो. विंच कमी पडत असेल तर वायर रोप पुलीतून परत फिरवायचा, ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा, मात्र पुली जिथे अडकवली त्या जागेवरही दुप्पट भार येतो हे विसरायचं नाही. आणखी एक, ड्रमवर रोपचे जितके थर जास्त तितकी विंचची ओढ कमी, विंचवर छापलेला आकडा सगळ्यात खालच्या थराचा असतो.

आडवा पडलेला ट्रेलर उभा करताना एका बाजूने ओढायचं आणि दुसऱ्या बाजूने धरूनही ठेवायचं. कारण ट्रेलर तोल जाण्याच्या बिंदूपर्यंत ओढून आणावा लागतो आणि तिथून पुढे तो स्वतःच्या वजनाने आदळतो, धरणारी दोरी नसेल तर दुसऱ्या बाजूला आडवा होतो. पातळ पत्र्याच्या बॉडीला साखळी लावली तर पत्रा कापला जातो म्हणून रुंद पट्टे, आणि खालून हवेच्या उशा फुगवून उचलायचं. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट कारण आतला माल हलतो आणि तोल दर सेकंदाला बदलतो, जमलं तर आधी दुसऱ्या टँकरमध्ये रिकामा करून घेतात. पट्ट्यांच्या कोनाकडेही बघावं लागतं, दोन पट्ट्यांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पट्ट्यावर अर्धा नाही तर पूर्ण भार येतो. आणि ताणलेल्या रोपच्या रेषेत किंवा त्याने केलेल्या कोनाच्या आत कुणीही उभं राहायचं नाही, बघ्यांनी तर नाहीच, ते मोबाइल घेऊन नेमके तिथेच येतात.

एवढं सगळं असलं तरी जीव जास्त करून जातो तो बाजूने जाणाऱ्या गाड्यांनी. अमेरिकेत २०११ ते २०१६ या काळात टोइंगमध्ये दर लाख कामगारांमागे वर्षाला साधारण ४३ मृत्यू झाले, सगळ्या खासगी उद्योगांचा सरासरी आकडा तेव्हा ३ च्याही खाली होता. थांबलेल्या मदतीच्या गाड्या दिसल्या की लेन सोडा किंवा वेग कमी करा असा कायदा तिथे साउथ कॅरोलायनात १९९६ मध्ये आला आणि २०१२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचला. शहाणा ऑपरेटर रहदारीच्या बाजूचे लिव्हर वापरतच नाही, रिमोट घेऊन दुसऱ्या बाजूला उभा राहतो.

रस्ता बंद असेल तर घाईचा दबाव वेगळाच. फ्लोरिडात तर ९० मिनिटांत मोठा अपघात साफ केला की टोइंगवाल्याला २,५०० डॉलर बोनस द्यायची योजना आहे, कारण अडकलेल्या रहदारीचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. इकडे गाडीमालकाला बिल बघून धक्का बसतो, त्याला दोन तासांचं काम दिसतं आणि वर्षभर उभ्या असलेल्या मशीनचा हप्ता दिसत नाही. तरी काही ठिकाणी बिलं फुगवतात हेही खरं आहे, त्यामुळे पोहोचल्याबरोबर आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून ठेवणं दोघांच्याही फायद्याचं.

शिकायचं म्हणजे आधी हेल्पर. जड वाहनाचं लायसन्स लागतंच, बऱ्याच देशांत वेगळं प्रशिक्षणही असतं, ब्रिटनमध्ये पास ४३ नावाचं कामाच्या सुरक्षिततेचं मानक आहे. पण पहिली काही वर्षं साखळ्या धुणं, शॅकलच्या (साखळी-रोप जोडायच्या यू आकाराच्या कड्यांच्या) पिना मोजून पेटीत ठेवणं यातच जातात. गाडी यार्डात सोडून आल्यावर रोप परत ड्रमवर गुंडाळायचा तोही सैल नाही, थोडा भार लावून ओळीने, सैल गुंडाळला तर पुढच्या जोराच्या ओढीला वरचा थर खालच्यात घुसून रुततो आणि मग विंच ना पुढे ना मागे.